तीन मारुतींचा गुरव

भोर सोडून भाटघरच्या रस्त्याला लागले की गाव संपले असे वाटू लागते, तिथे डाव्या हाताला मुरमाचा एक उघडा माळ होता. त्यावर कुसळाखेरीज काही उगवत नसे, म्हणून तो माणसांना राहायला योग्य ठरला. धरणाची नवी भिंत पुरी होऊन पाणी मागे फुगू लागले तेव्हा पांगारखेल, वडजाई आणि निगडखोरे ही तीन गावे बुडाली. ज्यांचे सोयरे वरच्या खोऱ्यांत होते ते तिकडे गेले. उरलेली सत्तर घरे संस्थानाने १९२८ च्या उन्हाळ्यात या माळावर आणून बसवली.

आखणी करणारा ओव्हरसिअर हौशी होता. पुण्यात नवी पेठ कशी वसवतात ते तो एकदा पाहून आला होता आणि ते त्याच्या मनातून जात नव्हते. त्याने चार सरळ आळ्या काढल्या, वीस फुटी रस्ते काढले, प्रत्येक दारावर डांबराने आकडा घालायचे ठरवले आणि मधोमध एक मोकळा चौक सोडून त्यावर सुबक अक्षरांत 'नियोजित देवालय' असे लिहिले. नकाशा इतका देखणा झाला की कचेरीत तो काच लावून टांगला गेला. प्रत्यक्षात वसाहत तेवढी सरळ कधी दिसली नाही, कारण नकाशावर म्हशी नव्हत्या.

तिन्ही गावांचे लोक एकमेकांत मिसळावेत म्हणून घरे चिठ्ठ्या टाकून वाटली. लोकांनी चिठ्ठ्या आदराने कपाळाला लावून घेतल्या आणि आठ दिवसांत आपापसात बदलून तीन गावे पुन्हा वेगळी केली. पहिली आळी पांगारखेलची, दुसरी वडजाईची, तिसरी निगडखोऱ्याची. चौथी उरली, ती कडब्याला दिली. ओव्हरसिअरने सगळी दारे पश्चिमेला ठेवली होती. निम्म्या लोकांनी ती लिंपून टाकली आणि मागची भिंत फोडून पूर्वेला दार केले. त्यामुळे एका आळीचे अंगण दुसऱ्या आळीच्या तोंडावर आले आणि कोणाच्या घरात काय बोलणे झाले हे विचारायची कोणाला गरज उरली नाही.

कागदोपत्री नाव 'नूतन वसाहत'. भोरच्या बाजारात तिला बुडीतवाडी म्हणत. तिथे राहणारे यांपैकी काहीच म्हणत नसत. ते आपल्या बुडालेल्या गावाचे नाव सांगत. टपालवाल्याकडे पाण्याखालच्या पत्त्यावर पत्रे येत आणि तो ती बिनचूक पोचवी.

कुंडलिक हा मूळचा पांगारखेलचा गुरव. देवाला पाणी आणि दिवा, गावाला बेल आणि पत्रावळी, लग्नाला सनई, एवढे त्याचे काम आणि त्याबद्दल घरटी सुगीला धान्य. वडजाईचा गुरव गिरणीत काम मिळवून मुंबईला गेला, निगडखोऱ्याचा गाव बुडण्याआधीच वारला. त्यामुळे माळावर आल्या आल्या कुंडलिकच्या गळ्यात तीन गावे पडली. तो अंगाने किरकोळ होता आणि त्याची मान जन्मापासून जराशी डावीकडे कललेली होती. त्यामुळे तो सदैव कोणाचे तरी ऐकून घेतो आहे असे वाटे आणि लोक त्याला सांगत सुटत.

तिन्ही गावांनी आपापला मारुती बैलगाडीत घालून आणला होता. चौकात एकच देऊळ व्हावे आणि त्यात एकच मारुती असावा, याबद्दल तिन्ही गावांचे पहिल्या दिवसापासून एकमत होते. कोणता, एवढेच ठरायचे होते. ते ठरेपर्यंत चौकात गोवऱ्या वाळत घातल्या जात आणि मारुती आपापल्या आळीच्या तोंडाशी पत्र्याखाली उभे होते. पांगारखेलचा सर्वांत उंच. वडजाईचा सर्वांत जुना, इतका की शेंदराच्या थरांखाली तो नेमका कुठे आहे हे श्रद्धेनेच कळे. निगडखोऱ्याचा दक्षिणमुखी, म्हणून जास्त कडक. माळावर आल्यापासून त्याच्यासमोर आळीतल्या ठकुबाईच्या गोठ्याची भिंत आली होती आणि गोठ्यातले जनावर आजारी पडले की लोकांना त्याचे नवल वाटत नसे.

पहाटे उठून पहिली पूजा कोणाची करायची, हा प्रश्न कुंडलिकला आल्या दिवशीच पडला. त्याने तो कोणाला विचारला नाही. त्याने पूजाच वाटून टाकली. आधी पांगारखेलच्या मारुतीला नुसते पाणी घालायचे, मग वडजाईच्या पुढे दिवसातला पहिला दिवा लावायचा, मग निगडखोऱ्याच्या पुढे पहिला नारळ किंवा खोबऱ्याचा तुकडा ठेवायचा, आणि मग उलट फिरत ज्याचे जे राहिले ते पुरे करायचे. सहा वर्षे रोज तो असा सहा खेपा घालत होता.

पांगारखेलचे सावळाराम पाटील ओट्यावर तांब्या घेऊन बसलेले असत. त्यांना तो म्हणे, "पाटील, पूजा म्हंजी पानी. दिवा काय, गोठ्यात बी लावत्यात."

वडजाईच्या गेनूबांना तो म्हणे, "गेनूबा, पानी म्हशीला बी घालत्यात. दिवा लागला तवा द्येव जागा झाला."

आणि निगडखोऱ्याच्या पाटलांची विधवा ठकुबाई, जिला तिथले सगळेच आत्याबाई म्हणत, तिला तो म्हणे, "आत्याबाई, निवेद दाखवल्याबिगर त्या पान्या-दिव्याला काय अर्थ हाय का?"

"म्हंजी पयला कोन?" ठकुबाई विचारी.

"तुमचाच की."

हे 'तुमचाच की' कुंडलिक तिन्ही आळ्यांत सारख्याच मनापासून बोलत असे. कोणाला दुखवायचे नाही हा त्याचा स्वभाव होता.

बनी ही त्याची एकुलती एक मुलगी. कामाला वाघ, बोलण्यात आईच्या वरताण. १९३४ साली ती अठरा वर्षांची झाली, म्हणजे त्या काळाच्या हिशेबाने चार वर्षे उशीर झालेला. दोन स्थळे येऊन गेली होती. पहिले आंबवड्याचे. पाहुण्यांनी पोहे खाल्ले, मुलगी पसंत केली आणि जाताना विचारले, की गावची वेस कुठाय. वेस नव्हती. दुसऱ्यांनी विचारले, की गावचे दैवत कोणते. कुंडलिकने तिन्ही मारुती सांगितले. पाहुणे म्हणाले, विचार करून कळवतो. त्यांनी विचारच केला असावा, कारण कळवले नाही.

तिसरे स्थळ राजगडाच्या पायथ्याचे, पालीचे. मुलाला बाप नव्हता, चुलते आनंदराव गुरव हेच सगळे पाहत. आनंदराव उंच, हाडापेराचे आणि कमी बोलणारे होते. त्यांनी मुलीकडे एकदा पाहिले आणि माळाकडे बराच वेळ पाहिले.

"पोरगी चांगली हाय," ते म्हणाले. "पर ह्ये गाव न्हवं. ही घरं हैत."

"गावच हाय की, पाव्हणं," कुंडलिक म्हणाला. "फकस्त नवं हाय."

"मग आसं करू. नवरदेव येईल तवा समदं गाव शिवंवर सामोरं आलं पायजे. घोड्यावरनं तो गावच्या मारुतीला जाईल, मग मांडवात. गाव आलं तर लगीन. चार डोकी आली तर आमी आलो तसं माघारी. उद्या आमच्या घरात कुनी म्हनायला नको, की सून माळावरनं उचलून आनली."

कुंडलिकने मान हलवली. ती आधीच कललेली असल्यामुळे होकार थोडा तिरका झाला, पण झाला.

आता सगळे गाव सामोरे आणायचे, तर तिन्ही आळ्यांना वेगवेगळे आमंत्रण देणे भाग होते. कुंडलिक आधी सावळाराम पाटलांकडे गेला. पाटलांनी सुपारी घेतली आणि विचारले, "नवरदेव कुटल्या मारुतीला जायाचा?"

"तुमच्याच की."

गेनूबांनीही तेच विचारले आणि त्यांनाही तेच उत्तर मिळाले. ठकुबाईने सुपारी घ्यायच्या आधीच विचारले. तिलाही मिळाले. तिघेही प्रसन्न झाले, तिघांनीही आपापली आळी घेऊन येण्याचे कबूल केले आणि गेनूबांनी तर हलगीवाला आपल्या खर्चाने लावला.

कुंडलिक घरी येऊन पत्रावळी टाचत बसला. त्याची बायको साळूबाई तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"तिन्ही आळीत तुमचाच, तुमचाच करून आलासा म्हनं."

"कुनी सांगितलं?"

"हितं कुनी सांगावं लागतं व्हय? गेनूबाच्या घरात बोललासा, त्ये आपल्या चुलीम्होरं आयकू आलं." तिने एक खडा काढून बाहेर फेकला. "नवरदेव येक हाय. त्याला घोडं येक. त्या घोड्याला तोंड येक. ते कुनीकडं करनार?"

"त्यो दिस आला म्हंजी बगू."

"त्यो दिस परवा हाय."

कुंडलिकने आणखी तीस पत्रावळी टाचल्या. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी त्याने एकंदर सहाशे टाचल्या. घरात पाने उरली नाहीत तेव्हाच तो थांबला. माणसे येतील आणि जेवतील असे गृहीत धरून काम करत राहणे, एवढाच उपाय त्याला सुचत होता.

वैशाखातला दिवस, मुहूर्त गोरजाचा. वेस नव्हती म्हणून कुंडलिकने वसाहतीच्या तोंडाशी दोन वासे रोवून आंब्याचे तोरण बांधले होते. भोरच्या जहांगीरभाईंचा पांढरा घोडा आणला होता. जहांगीरभाई एरवी टांगा चालवीत. लग्नसराईत घोडा टांग्यातून सुटे, त्याच्या अंगावर झूल पडे आणि तो फार गंभीर होई. पालीच्या चार गाड्या उतरल्या, नवरदेव घोड्यावर बसला, आणि आनंदरावांनी समोर पाहिले तर खरोखरच सगळे गाव आले होते. सत्तर घरांतले कोणी मागे राहिले नव्हते. सावळाराम पाटील जरीचे पागोटे घालून, गेनूबा हलगीसह, ठकुबाई पंधरा बायका आणि आरतीची ताटे घेऊन. पाय धुतले, गंध लावले, सुपाऱ्या दिल्या. आनंदरावांनी मिशीवरून हात फिरवला. कुंडलिकने ते पाहिले आणि त्याला सहा वर्षांत प्रथमच आपण एका गावात राहतो असे वाटले.

हे समाधान चौकापर्यंत टिकले. तिथे तिन्ही आळ्यांची तोंडे मिळत. लगाम धरून पुढे चाललेले जहांगीरभाई थांबले.

"गुरव, घोडं कुनीकडं वळवू?"

"हिकडं," सावळाराम पाटील म्हणाले.

"हिकडं," गेनूबा म्हणाले.

ठकुबाईने पंधरा बायकांना आरत्या पेटवायला सांगितले.

घोडा थोडा पहिल्या आळीकडे वळला. हलगी एकदम जोरात वाजू लागली. तो बिचकून तिसऱ्या आळीकडे वळला, तर समोर पंधरा निरांजने. मग त्याने विचार सोडून दिला आणि तो गोवऱ्या हुंगू लागला.

"गुरव, लवकर सांगा," जहांगीरभाई म्हणाले. "ह्येला उबं ऱ्हायाची सवय न्हाई. आपल्या मनानं वळला तर टांग्याच्या अड्ड्यावर जाईल, नवरदेवासकट."

आनंदराव पुढे आले. "कुंडलिकराव, गावचा मारुती कुटला?"

सगळा चौक कुंडलिककडे पाहू लागला. आयुष्यात प्रथमच त्याला सावळाराम पाटील, गेनूबा आणि ठकुबाई यांना एकाच वेळी उत्तर द्यायचे होते. एरवी तो त्यांना एकेक करून भेटत असे, आणि एकेक करून ही फार भली माणसे होती. त्याने बोलायला तोंड उघडले. 'तुमचाच की' हे शब्द ओठांवर आले, पण ते कोणाकडे पाहून म्हणावेत हे त्याला कळेना.

"पाव्हणं," तो म्हणाला, "म्या खोटं बोललो. ह्या तिघांस्नी म्या सांगितलं, की नवरदेव तुमच्याच मारुतीला येईल. आन् आजच न्हवं. सा वर्सं झाली, म्या तिघांस्नी सांगतुया की तुमचाच पयला."

कुंडलिकने डोळे मिटले.

"ते ठावं हाय," ठकुबाई म्हणाली.

"आमाला बी," गेनूबा म्हणाले.

कुंडलिकने डोळे उघडले. "तुमाला ठावं हुतं, की म्या समद्यांस्नीच सांगतुया?"

"येवढ्याशा भिंती. न कळाया काय झालं?" सावळाराम पाटील म्हणाले. "पर आमाला वाटायचं, की आमाला खरं सांगतुया आन् ह्या दोघांस्नी आपलं बरं वाटावं म्हनून."

"आमाला बी तसंच वाटायचं," गेनूबा म्हणाले.

"मला अजून तसंच वाटतंय," ठकुबाई म्हणाली.

यानंतर जे बोलणे सुरू झाले ते पुष्कळ मागे गेले. पांगारखेलला सनद कोणत्या साली मिळाली, वडजाईच्या जत्रेत निगडखोऱ्याची काठी कोणी अडवली, कोणाच्या आज्याने कोणाच्या आज्याला मानाचा विडा न देता नुसते पान दिले. ज्या शिवा आणि ज्या वाटा तिथे निघाल्या त्या सगळ्या साठ हात पाण्याखाली होत्या, पण सांगणाऱ्यांना त्यांतला दगड न् दगड दिसत होता. गाव बुडाल्यापासून सत्तर घरे एका विषयावर एका ठिकाणी बोलत आहेत, असे प्रथमच घडत होते.

कुंडलिक आनंदरावांच्या पायांकडे पाहत उभा होता. ते पाय आता गाड्यांकडे वळणार हे त्याला दिसत होते. पाय हलले. चौकाच्या कडेला एक धोंडा होता, तिथपर्यंत गेले. आनंदराव धोंड्यावर बसले.

"पानाचं काय म्हनालासा?" त्यांनी गेनूबांना विचारले. "विडा दिला न्हाई, का विडा दिला आन् सुपारी दिली न्हाई?"

"सुपारी न्हवती."

"मग ते वाईटच केलं." आनंदरावांनी चंची सोडली. "कुंडलिकराव, आमच्या पालीत होळीत पयली पोळी कुनाची, ह्यावरनं सात वर्सं तीन होळ्या पेटत हुत्या. नुसत्या घरांत आसं भांडान हुत न्हाई. त्येला गावच लागतं. माजं काय म्हननं न्हाई. तुमचं मिटलं की चला."

म्हणजे सोयरीक टिकली होती. फक्त लग्न राहिले होते. सूर्य रायरेश्वराच्या डोंगराला टेकला होता आणि आनंदराव आल्यामुळे भांडणाला एक जाणता श्रोता मिळाला होता. त्यामुळे ते लवकर मिटण्याचा संभव कमी झाला होता. मांडवातून भोरचे भटजी खिशातले घड्याळ काढून आले. त्यांना दुसऱ्या लग्नाला जायचे होते. "गोरजाला थोडका वेळ आहे," ते म्हणाले, आणि कोणी ऐकले नाही म्हणून पुन्हा म्हणाले.

मांडवात बनी हळदीच्या अंगाने पाटावर बसून होती. तिला चौकातले सगळे ऐकू येत होते.

"आये," ती म्हणाली, "ह्ये लोक माजं लगीन लावाया आलेत, का मारुतीचं?"

साळूबाईने अक्षतांचे ताट खाली ठेवले, पदर खोचला आणि ती चौकात आली. तिने जहांगीरभाईंच्या हातातून लगाम घेतला.

"कुटल्या मारुतीला, वैनी?" जहांगीरभाईंनी विचारले.

"कुटल्याच न्हाई. मांडवात."

आणि तिने घोडा सरळ मांडवाकडे ओढला. घोडाही इतका वेळ कोणीतरी काहीतरी ठरवण्याची वाट पाहत असावा. तो चटकन निघाला. नवरदेवाने झूल घट्ट धरली.

चौकात तिघेही उभे राहिले. सावळाराम पाटलांनी पागोटे सारखे केले.

"नवरदेव मारुतीला न जाताच गेला," ते म्हणाले.

"आमच्या बी गेला न्हाई," गेनूबा म्हणाले.

"तुमच्या गेला न्हाई न्हवं?" ठकुबाईने दोघांनाही विचारले, आणि खात्री करून घेतली. मग तिने पंधरा बायकांना आरत्या विझवायला सांगितले. "चला मग. अक्षता टाकाया हव्यात."

मंगलाष्टके सुरू झाली तेव्हा सनई वाजवायला कोणी नव्हते, कारण सनई वाजवणारा मुलीचा बाप होता. त्याने एका हाताने डोळे पुसले आणि दोन ओळींच्या मधल्या वेळात तेही काम केले. तिन्ही मारुतींचा सारखाच अपमान झाल्यामुळे तिन्ही आळ्या जेवायला बसल्या. भात, आमटी आणि गुळाची लापशी. सहाशेपैकी एकही पत्रावळ उरली नाही.

पुढच्या वर्षी वडजाईच्या आळीत लग्न निघाले, तेव्हा मारुतीचा प्रश्न पुन्हा आला. गेनूबा म्हणाले, की कुंडलिकच्या पोरीच्या लग्नात झाले तसे करावे, उगाच वाद नको. नवरदेव सरळ मांडवात गेला. त्याच्या पुढच्या वर्षी पांगारखेलने आणि निगडखोऱ्याने तेच केले, आणि आपल्याला वगळून दुसऱ्या कोणाकडे तो जात नाही, यावर प्रत्येकाने लक्ष ठेवले.

१९४१ साली गावोगावच्या चालीरीती लिहून घ्यायला संस्थानाचा एक कारकून वसाहतीत आला. नवरदेव मारुतीला जात नाही असे गाव त्याने पाहिले नव्हते. त्याने ही चाल मूळची कोठली असे विचारले. सावळाराम पाटील म्हणाले, ती पांगारखेलची. गेनूबा म्हणाले, वडजाईत त्यांच्या पणज्याच्या वेळेपासून होती आणि पांगारखेलने ती तिथून उचलली. ठकुबाईने सांगितले, की दक्षिणमुखी मारुतीसमोर नवरदेवाने जाऊच नये असा निगडखोऱ्याचा जुना दंडक होता आणि बाकीच्यांना तो आता कळला.

कारकून गोंधळून गुरवाकडे आला, कारण अशा गोष्टी गुरवाला माहीत असतात.

"चाल कधीपासूनची म्हणायची?"

कुंडलिकने बाहेर पाहिले. अंगणात तिन्ही आळ्यांतले कोणी ना कोणी उभे होते.

"पूर्वापार," तो म्हणाला.

बनी बाळंतपणाला माहेरी आली होती. ती आतल्या खोलीतून म्हणाली, "व्हय. माज्या लग्नापासनं."

कारकुनाने 'पूर्वापार' एवढेच लिहून घेतले आणि वही मिटली.